सतरा पॉइंट तीन

पिंप्राळ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दारावर पाटी: 'प्रबंध, प्रकल्प, अर्ज टाईप करून मिळतील'. अर्जासाठी आता कुणी येत नाही, लोक मोबाईलवरच उरकतात. प्रबंधाला मात्र येतात. जळगावातले येतात, धुळ्याहून येतात, अमळनेरहून येतात. पीएचडीचे कागद पिशवीत, पेनड्राइव्ह खिशात आणि चेहऱ्यावर चार रात्री झोप नसल्यासारखं काहीतरी.

एका आठवड्यात या खुर्चीवर काय काय बसून जातं, विचारू नका. सकाळी गांडूळवाला, दुपारी लग्नपत्रिकांच्या मजकुरावर अभ्यास करणारी बाई, तिच्या मागोमाग कबड्डीपटूंच्या छात्या मोजणारा मास्तर. एकानं पाच वर्षं खपून काचेवर कसला तरी थर बसवला, इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही. मी म्हटलं, "अरे बाबा, दिसत नाही तर बसला हे कशावरून?" तो बिचारा अर्धा तास मला समजावत बसला, चहा गार झाला आणि मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका मुलीनं भरताच्या वांग्यातल्या अळीवर अडीचशे पानं लिहिली. आम्ही ती अळी नखानं उडवतो आणि वांगं चुलीवर ठेवतो.

गंमत अशी की यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. पत्रिकावालीचा विषय सांगितला की गांडूळवाला फिदीफिदी हसतो. गांडुळांचं नाव काढलं की ती नाक मुरडते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मीही काही कमी नाही. तोंडावर हो हो म्हणते आणि पाठ फिरली की म्हणते, यावर डिग्री देतात? कर्म माझं!

पण यांच्यापैकी कुणालाही माहीत नाही अशी एक गोष्ट मला माहीत आहे. निदान सहाजणांच्या प्रबंधात शेवटी, परिशिष्टात, एक आकडा सारखा आहे आणि तो खोटा आहे. तो मी बाराव्या वर्षी मनानं लिहिलेला आहे. हे मला फक्त एका माणसाला सांगायचं होतं, माझ्या वडिलांना. मी त्यांना आबा म्हणायचे. ते सांगायचं राहून गेलं.

चोपड्याच्या बाजूला एक शेतकी संशोधन केंद्र होतं, तिथं आबा कामाला होते. हुद्दा मजुराचा. केळीला पाणी देणं, बांध घालणं, साहेबांची टेबलं पुसणं, बठ्ठं त्यांच्याच गळ्यात. त्यातलं एक काम मात्र त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिलं नाही, ते म्हणजे पाऊस मोजायचं. तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक होता. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठच्या ठोक्याला आबा कुंपणाचं फाटक उघडायचे, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचे, माप डोळ्यांसमोर धरायचे, वाचायचे आणि नोंदवहीत लिहायचे. मापावर रेघा दोन-दोन दशांश मिलिमीटरच्या होत्या. आबा दोन रेघांच्या मधलं अंदाजानं कधी लिहीत नसत, जवळची रेघ धरत. म्हणून त्यांच्या आकड्यातला शेवटचा अंक कायम सम असायचा. चार पॉइंट दोन, अकरा पॉइंट सहा, नाहीतर शून्य.

आणि शून्यच जास्त. खानदेशातला पाऊस तो, त्याला आमंत्रण द्यावं लागतं. तरी भर वैशाखात, जमीन भाजत असताना, हा माणूस साडेआठला पायात वहाणा सरकवून निघायचा. मी लहानपणी फटकळ होते, आताही आहे. म्हणायचे, "आबा, आभाळात ढगाचं नाव नाही, काय मोजायला चाललात?"

"शून्य बी मोजनं पडस, बेटा," ते म्हणायचे.

"आणि एखाद्या दिवशी मोजायचं राहिलंच तर? तेव्हाही शून्यच ना?"

यावर ते थांबायचे. एवढं एकच वाक्य ते थांबून बोलत. "नई. तठे आडी रेघ मारनी. माहीत नई तं माहीत नई. त्यानी कसानी लाज?"

कॉलेजातले लोक केंद्रावर यायचे. कुणी केळीची पानं न्यायला, कुणी माती न्यायला. जाताना आबांच्या नोंदवहीतले आकडेही उतरवून न्यायचे. आबांना त्या लोकांचं भारी अप्रूप. त्यांच्यासाठी लिंबाखाली खाट टाकायचे, माठातलं पाणी द्यायचे आणि ते गेले की मला म्हणायचे, "एक दिन तू बी ह्या आकडासवर पुस्तक लिख. वर तुन्हं नाव लागी." मी मान हलवायचे. मला त्या वेळी खरंच वाटायचं की लिहीन.

माझ्या बाराव्या वर्षी पावसानं महिनाभर ओढ दिली होती. कापसानं माना टाकल्या होत्या. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग लागला, पण माणसांच्या तोंडावर रंग नव्हता. आणि पोळ्याच्याच रात्री पाऊस आला. धिंगाणा नाही, वारा नाही, नुसता मनापासून पडत राहिला. आई अंगणात उभी राहून भिजली. आबा दारात बसून ऐकत होते. मला आठवतं, त्यांना सकाळची घाई झाली होती.

पण पहाटे धुळ्याहून निरोप आला. माझ्या आत्याला दवाखान्यात ठेवलं होतं, लगेच या. आईआबा सहाच्या एसटीनं निघाले. निघता निघता आबांनी कुंपणाच्या फाटकाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "साडेआठले जाय. बाटली वत, माप डोयासमोर धर, वाच अनं लिख." एवढं मोठं काम त्यांनी माझ्यावर टाकलं होतं. मी आठपासूनच जाऊन बसले.

सगळं बरोबर केलं हो. नरसाळं काढलं, बाटली उचलली, पाणी मापात ओतलं. माप जवळजवळ भरलं. डोळ्यांसमोर धरायला एक पाऊल मागे घेतलं आणि टाच चिखलावरून सरकली. माप हातातून सुटलं. काच वाचली, पाणी गेलं. अख्ख्या गावानं महिनाभर ज्या पावसाची वाट बघितली, तो माझ्या परकरावर सांडला होता.

आडवी रेघ मारायची, हे मला माहीत होतं. पण आज? ज्या दिवसासाठी सगळे डोळे लावून बसले होते, त्याच दिवसापुढे रेघ? साहेब आबांना काय म्हणतील? आबा मला काय म्हणतील? मी वही उघडून खूप वेळ बसले. आदल्या आठवड्यात गुरुजींनी मला सतराचा पाढा येईना म्हणून बाकावर उभं केलं होतं. तो सतरा डोक्यात नाचत होता. सतरा लिहिलं. नुसतं सतरा उघडंबोडकं दिसेना, म्हणून पुढे पॉइंट तीन लावलं. दशांश लावला की खोटंसुद्धा खऱ्यासारखं दिसतं. प्रबंध टाईप करता करता हे मी पुढे शंभरदा पाहिलं, पण पहिल्यांदा केलं ते मीच. माप पुसायचं भान राहिलं नाही, तसंच पेटीत ठेवून पळाले.

आबा दुसऱ्या दिवशी आले. आत्या बरी होती. ते तसेच केंद्रावर गेले, मी त्यांच्या मागे. त्यांनी वही उघडली. पाहिलं. मग पेटीतून माप काढलं. त्याच्या बुडाला चिखल वाळून बसला होता. नळावर नेऊन त्यांनी ते धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, उजेडात धरून पाहिलं आणि परत ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "जेवनी का तू?"

मी म्हटलं, हो. वाटलं, सुटले बाई एकदाची.

कसली सुटते! पुढे बी.ए. झाले, लग्न झालं, पिंप्राळ्यात आले, टायपिंग शिकले. पुस्तक लिहायचं ते राहिलंच, दुसऱ्यांची पुस्तकं बडवायला लागले. आणि एक दिवस केळीवरच्या करप्या रोगाचा प्रबंध आला. शेवटी परिशिष्टात आबांच्या केंद्राचा पाऊस. मी टाईप करत गेले. शून्य, शून्य, शून्य, शून्य. महिनाभर ओढ. आणि मग सतरा पॉइंट तीन. सगळ्या सम आकड्यांत एकटा विषम, लग्नात बिनबोलावता आलेल्या पाहुण्यासारखा उभा. माझे हात थांबले. त्या माणसानं लिहिलं होतं की याच पावसानंतर करप्यानं उचल खाल्ली.

त्या वर्षीच्या ओढीमुळे ते वर्ष सगळ्यांनाच हवं होतं. केंद्रानं आकड्यांची एक छापील पुस्तिका काढली होती, जो तो तिच्यातून उचलायचा. भूगोलवाला आला, त्यानं नाल्याच्या पुराला तोच आकडा लावला. शिक्षणशास्त्रवाली आली, तिच्या प्रबंधात त्या दिवशी शाळेतली हजेरी घटली होती, कारण सतरा पॉइंट तीन. विहिरींच्या पाण्यातले क्षार मोजणारा आला. शेतकऱ्यांच्या मनावर पावसाचा काय परिणाम होतो यावर लिहिणारा आला. एक तर पावसाच्या अहिराणी शब्दांवर लिहिणारी होती. शब्दांचा प्रबंध तो, पण मागे पावसाचा तक्ता हवाच! जगातली सगळी शास्त्रं एकमेकांकडे पाठ करून बसलेली आणि माझ्या एका थापेपाशी येऊन सगळी मिळालेली. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्यांना काय माहीत, की आड सांडला होता. दरवेळी तो आकडा मीच माझ्या बोटांनी पुन्हा लिहायचे. खाई त्याला खवखवे. मला खवखवायचं, तरी लिहायचे.

खरं सांगू? एक लबाड सुखही होतं त्यात. त्या तक्त्यांखाली 'स्रोत' म्हणून केंद्राचं नाव असायचं. आबांचं कुठेच नाही. एवढी वर्षं उन्हात जाऊन शून्य लिहिणारा माणूस, त्याचं नाव कुठल्याच पानावर नाही. पण मला ते आकडे म्हणजे त्यांचं पत्र वाटायचं. हा दिवस आबांना ताप होता, तरी गेले. हा दिवस माझ्या वाढदिवसाचा. आणि त्या पत्रात मध्येच एका ओळीत मी. आमचं दोघांचं मिळून एवढंच काय ते.

शेवटची चार वर्षं आबा माझ्याकडेच होते. सकाळी अंघोळ करून त्या दुसऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसायचे. "आज काय शे?" असं रोज विचारायचे. मी सांगायचे, आज गांडूळ, आज कबड्डी, आज तो न दिसणारा थर. ते कशालाही हसले नाहीत. "मोजं का त्यानी नीट?" एवढंच विचारायचे. मोजलं असेल तर त्यांच्या लेखी सगळे विषय सारखेच.

एकदा विहिरींवाल्याचा तक्ता पडद्यावर होता. आबा खुर्ची ओढून जवळ आले, चष्मा वर केला. ते आपले आकडे आहेत हे त्यांनी लगेच ओळखलं. पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ उतरत गेले, शून्य, शून्य, शून्य. पोळ्याच्या महिन्याशी आले आणि बोट थांबलं.

"थांब जरा," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले.

आता बोलावं, आता बोलावं असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पन्नाशीला टेकलेली बाई मी, दोन मुलांची आई, आणि पुन्हा बाकावर उभी केल्यासारखी झाले. मी म्हटलं, "आबा, चहा उतू जातोय," आणि उठून आत गेले. चहा ठेवलेलाच नव्हता. बाहेर आले तेव्हा ते खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षा बघत होते. म्हणाले, "साखर कमी टाक."

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. त्याला आता सहा वर्षं झाली. ती खुर्ची मी टाकली नाही, गिऱ्हाईक तिच्यावर बसतं. पण सकाळी साडेआठला, दुकान उघडताना, कुणी विचारत नाही की आज काय शे. फार आठवण येते. एवढं मोठं घर आणि विषय सांगायला माणूस नाही.

मागच्या महिन्यात अमळनेरची एक मुलगी आली. बारीकशी, बोलायला धीट. आबांच्या खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "काकू, माझा विषय जरा वेगळा आहे."

"सगळ्यांचा वेगळाच असतो, बोल."

"सरकारी नोंदवह्यांमधला शेऱ्याचा रकाना. म्हणजे आकड्यांच्या शेजारी लोक जे दोन शब्द लिहितात ना, त्यातली भाषा. मजूर लोकांनी अहिराणी आणि मराठी कशी मिसळून लिहिली ते."

माझी जीभ कुठे गप्प बसते! "शेऱ्यावर पीएचडी? अगं, एवढंच उरलं होतं. आता समासावर पण करतील."

ती हसली. तिनं मोबाईलमध्ये जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो आणले होते. बाकी सगळे छापील पुस्तिकेवर भागवायचे, ही मूळ वह्यांपर्यंत गेली होती. एका गोदामात पंधरा दिवस बसून तिनं पान न् पान टिपलं होतं. तिनं मोबाईल स्टँडवर लावला आणि पहिलं पान काढलं.

आबांचं अक्षर होतं.

ते उजवीकडे कललेलं अक्षर, शून्याच्या डोक्यावर सुटलेली ती बारीक शेपटी. पुस्तिकेत नुसते आकडे छापले होते, शेरा छापलाच नव्हता. म्हणजे एवढी वर्षं मी अर्धंच पत्र वाचत होते. ती सांगत गेली तसं मी टाईप करत गेले. 'माकडानं नरसायं पाडं, परत बसाडं.' 'मापाले तडा, नवं मांगं.' 'ताप शे, तरी उनू', म्हणजे तरी आलो. मुलगी प्रत्येक शब्दावर खूश होत होती आणि मला पडदा नीट दिसत नव्हता. तिला वाटलं, माझे डोळे आले आहेत.

मग तो महिना आला. शून्यांची रांग, शेऱ्यात काही नाही. आणि पोळ्याचा दुसरा दिवस. आकड्याच्या रकान्यात माझं बाराव्या वर्षाचं गोल गोल अक्षर, सतरा पॉइंट तीन. त्याच्या शेजारी, वेगळ्या शाईत, आबांचं.

'माप सांडनं. आकडा पोरीना शे. ती सांगी तव्हय दुरुस्त करसू.'

ती सांगेल तेव्हा दुरुस्त करू. त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्याच दिवशी, माप धुऊन झाल्यावर, मला जेवलीस का विचारून, मी तिथून गेल्यावर. आणि पुढे पस्तीस-चाळीस वर्षं वाट बघितली. त्या दिवशी पडद्यावर बोट ठेवून 'थांब जरा' म्हणाले, ते आकड्याला नव्हते म्हणाले, मला म्हणाले. आणि मी बाई चहा बघायला गेले.

मुलगी आपल्या नादात होती. "काकू, हा माझा सगळ्यात आवडता शेरा आहे. पण त्या पोरीनं सांगितलं की नाही, ते पुढच्या कुठल्याच पानावर नाही. मी सगळ्या वह्या चाळल्या."

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "ती पोरगी मी. माप सांडलं होतं. घाबरून सतरा लिहिलं."

ती आता काहीतरी गोड बोलेल याची मला भीती वाटत होती, पण पोरगी कामाची निघाली. हळूच म्हणाली, "मग खरा आकडा किती, काकू?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"मूळ नोंद तर बदलता येणार नाही. तळटीप देता येईल. काय लिहू?"

"तू नको. मी लिहिते."

आजवर शेकडो तळटीपा टाईप केल्या, सगळ्या लोकांच्या. ही पहिली माझी. दोनदा चुकलं, दोनदा खोडलं. मग लिहिलं: 'पोरीने सांगितले. माप सांडले होते. आकडा रद्द, तिथे आडवी रेघ वाचावी.'

"माहिती देणाऱ्याचं नाव लागतं, काकू," ती म्हणाली.

"नाव नको. नुसतं पोरगी लिही."

तिनं मान हलवली. मी खाली तारीख टाकली. आबांच्या वहीत वेळेचाही रकाना असायचा, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळही टाकली. साडेअकरा वाजले होते. उशीर झाला होता.